तिपोकाची मूठभर राख

आयोरेबिसी गावात तिपोका सायकलवरून उतरली की बायका तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिच्या उजव्या हाताकडे बघत. मूठ उघडी असेल तर "ये, बस, पिठाचं पाणी घे." मूठ मिटलेली दिसली तर मात्र नव्या सुना हातातलं टाकून वाट मिळेल तिकडे पळत सुटत, आणि ज्यांना आता पळायचं कारण उरलं नव्हतं त्या सासवा ओट्यावर बसल्या बसल्या हसून बेजार होत. कारण त्या मुठीत राख असे.

राख साधीच, त्याच घरच्या चुलीतली. घरातल्या सुनेला दिवस गेले की ते सगळ्यांना दिसे, पण त्यावर बोलायचं कोणी नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, खुद्द तिनेही नाही. शब्द बाहेर पडला की पोटाला बाधा होते, असं सगळे मानत. मग घरातला वडील माणूस कौल घेई आणि दुसऱ्या गावी दिलेल्या घरच्या लेकीला निरोप धाडी. तिने यायचं, कणगीमागे दबा धरायचा आणि सून बेसावध असताना तिच्यावर राख उधळून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "तुझं पोट आमचं आहे!" त्यानंतर जीभ मोकळी. मग सासू विचारणार, काय खावंसं वाटतं? नवरा रानकोंबडी आणणार. शेजारणी कितवा महिना म्हणून बोटं मोजणार.

तिपोका अवुनीकाकांच्या घरची लेक. तिचा बाप ती रांगत असतानाच गेला, तेव्हा काकांनीच तिला वाढवलं. लहानपणी तिचं काम एकच, रानकोंबड्या पकडायच्या. रानकोंबडी म्हणजे पळण्यात भल्याभल्यांना दमवणारी जात, पण तिपोका धावली की कोंबडीच दमून बसे. पुढे तिचं लग्न डोंगरापलीकडच्या अतांगाशी झालं. अतांगा गवताच्या टोपल्या विणायचा. त्याने आयुष्यात जेवढ्या टोपल्या विणल्या तेवढे शब्दही तो बोलला नसेल. तिपोका बोलायची, तो विणायचा, दोघांचं छान चाललं होतं. काकांच्या घरात लेकी कमी आणि मुलगे भरपूर, त्यामुळे सुनाही भरपूर. राख टाकायचा मान घडोघडी तिच्याकडेच येई. पन्नाशी उलटली तरी तिचा नेम चुकला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

त्या मुलखात नवऱ्याची बहीण म्हणजेही नवराच. घरच्या सुना तिला नवरोबा म्हणायच्या आणि ती त्यांना माझ्या बायका म्हणायची. बाजारात ती छाती पुढे काढून सांगे, "माझ्याएवढ्या बायका या भागात नाहीत कोणाला. आणि एकीलाही मी कधी मारलं नाही, राखेशिवाय."

माता आणि मुलं यांच्या प्रकृतीचा अभ्यास करणारं केंद्र तालुक्याच्या गावी सुरू झालं, तेव्हा त्यांना प्रत्येक भागात एक अशी बाई हवी होती जिला सगळ्या घरांची दारं उघडी असतील. आयोरेबिसीच्या लोकांनी विचारसुद्धा केला नाही. तिपोकाला एक कापडी पिशवी आणि निळी छत्री मिळाली. बाळांची वजनं करायला मदत करायची, आजारी मूल दिसलं तर कळवायचं, आणि कोणाला दिवस गेले असतील तर लवकरात लवकर सांगायचं, असं काम.

गोम होती ती शेवटच्या कामात. केंद्राची माणूस म्हणून तिने लवकर बोलायचं होतं, आणि घरची लेक म्हणून राख पडेपर्यंत गप्प राहायचं होतं. तिपोकाने तोड काढली. केंद्राचा माणूस सोबत असला की ती ज्या घरापाशी थांबून चपलेचा पट्टा नीट करी, त्या घरात काय आहे ते त्याने ओळखायचं. तो ओळखायचा, पण पुढे काय करणार? घरात जाऊन त्यालाही काही विचारता येत नसे. "पुन्हा भेटायचं" एवढंच लिहून तो मोटारसायकलला किक मारी.

हा केंद्राचा माणूस म्हणजे तेंगान. उंच, किडकिडीत, चष्मेवाला, आणि जातीचा दागाबा. तिपोकाचे लोक फ्राफ्रा. दागाबा आणि फ्राफ्रा हे एकमेकांचे थट्टेचे सोबती, आजोबा-पणजोबांपासूनचे. भेटलं की आधी शिवी, मग ख्यालीखुशाली. कुत्र्याचं मुंडकं कोणी खायचं, हा त्यांचा जुना वाद. दोघंही एकमेकांना आपला गुलाम म्हणणार, आणि कोणी रागवायचं नाही, अगदी मयताच्या घरीसुद्धा.

"काय म्हातारे, आज कुत्र्याचं मुंडकं शिजलंय का?" तेंगान आल्या आल्या ओरडायचा.

"शिजलंय. पण गुलामाला शेपूट. मुंडकं मालकिणीचं."

"तुमच्या गावात शिरताना मी मोटारसायकलला कुलूप लावतो. तुम्ही लोक भूक लागली की टायरसुद्धा उकडाल."

"टायर तुमच्याकडे सणाला करतात ना? आम्हाला नाही बाई जमत."

बायका हसायच्या, पोरं वजनकाट्याच्या झोळीत बसून लाथा झाडायची, चिंचेच्या झाडाखाली वजनाचा दिवस जत्रेसारखा जायचा.

त्या वर्षी मात्र तिपोकाच्या जिवाला घोर लागला होता. काकांचा धाकटा मुलगा अकोल्गो, ज्याला तिने पाठीवर बांधून वाढवला, त्याची बायको पुलिबा पुन्हा पोटुशी होती. पहिल्या खेपेला मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं. तेव्हापासून पुलिबा हसायची, पण मोजून. या खेपेला पोट दिसायला लागलं आणि पाठोपाठ तिचे पाय सुजायला लागले. केंद्राने तिपोकाला जे शिकवलं होतं त्यात हे पहिलंच होतं. पाय सुजले, डोकं दुखलं, तर त्या बाईचा रक्तदाब ताबडतोब बघायचा.

पुलिबा ओसरीत शियाच्या बियांचं तूप घोटत बसली होती. तिपोका समोर बसली.

"चपलेचा पट्टा रुतलाय वाटतं."

"चप्पल आखडलीय, नवरोबा."

"चप्पल कशी आखडते गं?"

"उन्हाने आखडते."

"आणि कपाळाला फडकं बांधलंयस ते?"

"उन्हाने दुखतं."

"ऊन फारच कामाला लागलंय यंदा."

पुलिबा हसली नाही. तिचे हात तुपात थांबले. "नवरोबा, पाया पडते, बोलू नका. या वेळी काही बोलू नका."

तिपोका उठली आणि अवुनीकाकांकडे गेली. काका झाडाखाली दोर वळत बसले होते. तिने आपली मूठ उघडून दाखवली.

"काका, रिकामी आहे."

"रिकामीच राहू दे. तेनीसाठी बोलावलंय तुला येत्या बाजारच्या दिवशी. दुसरं नाव काढू नकोस." तेनी ही त्यांच्या नातवाची नवी बायको.

"मी कुठे काढलं दुसरं नाव?"

"तोंडाने नाही काढलंस. डोळ्यांनी काढतेयस."

तिपोका डोळे खाली करून बसली. काकांनी दोराला पीळ दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "मागच्या खेपेला तू माझ्या मागे लागलीस. काका, केंद्राचे लोक म्हणतात लवकर बरं. कौल नीट लागला नव्हता, तरी मी तुझं ऐकलं, राख दिली. पुढे काय झालं, तुला सांगायला नको."

"राखेमुळे झालं नाही ते, काका."

"नसेलही. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. या वेळी कौल स्पष्ट आहे. नवी बाजरी घरात आल्यावर. तोवर या घरातून एक शब्द बाहेर जाणार नाही. मी म्हातारा झालो, तिपोका. त्या पोरीला पुन्हा तसं रडताना मला बघायचं नाही."

काका वाईट नव्हते, काका घाबरले होते. पण बाजरी अजून गुडघाभरच होती, आणि पुलिबाचे पाय तेवढं थांबतील असं तिपोकाला वाटेना. गावातच नर्स बेनेदिक्ताचा दवाखाना होता, चालत गेलं तर घाम यायच्या आत पोचावं एवढा जवळ. पण मांडीवर मूल नसलेली तरुण बाई एकटी त्या वाटेला लागली की रस्त्यावरचं प्रत्येक घर विचारणार, कुठे गं? तिथे जाणं म्हणजेच बोलणं. पुलिबा मेली असती पण गेली नसती.

पुढच्या फेरीला तेंगान आला तेव्हा तिपोका अकोल्गोच्या दारापाशी थांबली. चपलेचा पट्टा सोडला, आपलाच घोटा दाबून दाखवला, मग कपाळावर हात ठेवला. तेंगानच्या तोंडावरचं हसू गेलं.

"कधीपासून?"

"मला काय विचारतोस? मी चप्पल बघतेय."

"म्हातारे, हे थांबण्यासारखं नाही. तिला नर्सकडे न्यायला हवं."

"कोणाला?"

तेंगानने चष्मा काढून पुसला. "कोणालाच नाही," तो म्हणाला, आणि दोघं पुढच्या घराकडे चालू लागली. त्या दिवशी कुत्र्याच्या मुंडक्याची चौकशी कोणी केली नाही.

बाजारचा दिवस उजाडला. तिपोका भल्या सकाळी आली, चुलीतली गार राख मुठीत घेतली आणि कणगीमागे उकिडवी बसली. तेनी कोणत्या दारातून येणार ते तिने आधीच बघून ठेवलं होतं. तेनीच्या अंगावर नवं लुगडं होतं, पिवळ्यावर हिरवे मासे. दुरूनही ओळखू यावं असं. आत एका खोलीत दुसऱ्या एका सुनेचं चार दिवसांचं बाळ होतं. अजून बाहेर काढलं नव्हतं, म्हणून तेंगान काटा घेऊन वजन करायला आतच गेला होता. हे तिपोकाला माहीत नव्हतं. आणि काट्याची झोळी उसवली म्हणून तेनीने आपलं माशांचं लुगडं काढून दिलं, स्वतः सासूचं जुनं नेसली, हे तर तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

वजन झालं. तेंगानने लुगडं खांद्यावर टाकलं, काटा काखेत मारला. त्या घरांची दारं कमरेएवढी, आत मातीचा उंबरा गुडघ्याएवढा. उंच माणसाला पाठमोरंच बाहेर यावं लागतं. तेंगान वाकून, पाठ आधी, खांद्यावरून डोक्यावर घसरलेलं लुगडं सावरत बाहेर यायला लागला.

तिपोकाला दिसले ते हिरवे मासे. ती उठली, दोन ढांगांत दारापाशी पोचली, आणि सगळा हात मोकळा सोडून तिने राख उधळली.

"तुझं पोट आमचं आहे!"

राखेचा ढग खाली बसला तेव्हा त्यातून चष्मा बाहेर आला. मग नाक. मग तेंगानच्या भुवया, पार पांढऱ्या.

तेंगान एकदा शिंकला. त्या शिंकेने कुठला बांध फुटला कोणास ठाऊक, पण आधी एक म्हातारी हसली, मग सगळं घर, मग भिंतीपलीकडचं घर. तेनी मडक्याला धरून खाली बसली. अकोल्गोला ठसका लागला. मुसळ टाकून पुलिबा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि या खेपेला मोजून नव्हे.

तिपोका तेवढी दगडासारखी उभी होती. तिचा नेम चुकला होता, तोही दागाबावर.

"काका, मी परत घेते," ती कशीबशी म्हणाली.

"राख परत घेतात हे कोणी शिकवलं तुला?" काका काठी टेकत आले. बायकांनी वाट दिली. त्यांनी तेंगानला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. थट्टा ती थट्टा, पण राख ही थट्टेची वस्तू नव्हती. घरातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांशी त्यांनी बाजूला जाऊन थोडी कुजबुज केली. काका परत आले तेव्हा त्यांचे ओठ थरथरत होते, पण आवाज घट्ट होता.

"राख पडली ती पडली. ज्याच्यावर पडली त्याला दिवस गेले. आजपासून हा आमच्या घरची सून."

पुन्हा हसण्याचा लोंढा आला. कोणीतरी पळत जाऊन, राख पडलेल्या सुनेला बांधतात तो सुताचा दोरा आणला आणि तेंगानच्या कमरेला बांधला. "मध खायचा नाही हं!" "अंडं तर बघायचंसुद्धा नाही, पोर चोर निघतं!" "उखळावर बसू नकोस गं बाई!"

तेंगान हाडाचा थट्टेखोर. त्याने लुगड्याचा पदर डोक्यावर नीट घेतला. "बरं, आणि माझा नवरा कुठाय?"

"मीच!" तिपोका म्हणाली, आणि आता कुठे तिलाही हसू फुटलं. "काय नशीब माझं. एवढ्या देखण्या बायका पदरात, आणि त्यात ही चष्मेवाली घुसली."

"तर मग नवरोबा, राख पडली की त्याच दिवशी नर्सकडे जायचं असतं. केंद्राचा नियम आहे. मीच गावोगाव सांगत फिरतो. मला तपासून आणा."

अंगण परत हसलं. पण तेंगान हसत नव्हता. पदराखालून तो तिपोकाकडे बघत होता. तिने काकांकडे पाहिलं. काका सुपारीसारखं कोलाचं फळ चघळत होते आणि त्यांची नजर उखळापाशी उभ्या असलेल्या पुलिबाच्या पायांवर होती.

"बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "पण राख पडलेली सून पहिल्यांदा घराबाहेर पडते ती एकटी जात नाही. जावा सोबत जातात." ते वळले आणि जाता जाता म्हणाले, "सगळ्या."

मिरवणूकच निघाली. पुढे पदर घेतलेला तेंगान, त्याच्या हाताला धरून तिपोका, मागे घरच्या साऱ्या सुना टाळ्या वाजवत, गाणी म्हणत. रस्त्यावरचं प्रत्येक घर विचारत होतं, "कुठे गं?" आणि बायका ओरडून सांगत होत्या, "जावेला तपासायला!" त्या घोळक्यात पुलिबा मधोमध चालत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

नर्स बेनेदिक्ता समुद्राकाठच्या मुलखातली, पण इथे राहून तिला वर्षं झाली होती. दारात राखेने माखलेला तेंगान आणि त्याच्या मागची पलटण बघून तिने आधी कपाळाला हात लावला. तेंगानने दोन वाक्यांत झाला प्रकार सांगितला आणि म्हणाला, "सिस्टर, मला दाबाच्या पट्ट्याची भीती वाटते. आधी माझ्या जावांना बांधून दाखवा ना. सगळ्यांना."

बेनेदिक्ताने एक नजर सगळ्यांवरून फिरवली. ती नजर सुजलेल्या पायांपाशी क्षणभर थांबली.

"बरोबर आहे, पहिलटकरीण घाबरतेच," ती म्हणाली.

एकेकीच्या दंडाला पट्टा बांधला गेला. तेनी गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली. पुलिबाची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. बेनेदिक्ताने मोजलं. थोडं थांबून दुसऱ्या दंडावर मोजलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त हलायचं थांबलं. पुलिबाला तिने एक शब्द विचारला नाही. स्टूल ओढून ती तेंगानच्या समोर येऊन बसली.

"ऐक बाई."

"ऐकते, सिस्टर."

"तुझा दाब वाढलाय. फार नाही, पण वाढलाय. आज कळलं हे चांगलं झालं. गोळ्या देते, रोज घ्यायच्या, विसरायचं नाही."

"कडू आहेत का?"

"गिळायच्या आहेत, चघळायच्या नाहीत. दुपारी डाव्या कुशीवर पडायचं. घागरी उचलायच्या नाहीत."

"मग पाणी कोण आणणार?" तेंगानने विचारलं. "आमच्यात पुरुष पाणी आणत नाहीत."

"मग या वर्षी आणतील. आणि दर आठवड्याला इथे यायचं."

"दर आठवड्याला? एकटी कशी येऊ?"

"एकटी कशाला? जावा आहेत की."

खोलीतलं हसणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तेंगान एकेक प्रश्न विचारत होता, तोच जो एखाद्या घाबरलेल्या बाईच्या मनात असेल. डोकं फार दुखलं तर? डोळ्यांपुढे अंधारी आली तर? बाळ हललं नाही तर? बेनेदिक्ता प्रत्येकाचं उत्तर त्याला देत होती, सावकाश, आणि पुलिबा भिंतीकडे बघत प्रत्येक उत्तराला मान हलवत होती.

"आणि सिस्टर," तेंगानचा आवाज जरा खाली आला, "मागच्या वेळी माझं मूल राहिलं नाही. या वेळी राहील का?"

बेनेदिक्ताने स्टूल आणखी जवळ ओढलं. "वचन देत नाही, बाई. पण या वेळी आपण लक्ष ठेवून आहोत. मागच्या वेळी असं दर आठवड्याला कोणी बघत नव्हतं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करू. गाडी मी सांगून ठेवीन."

पुलिबाचे खांदे हलायला लागले. बायका तिच्याभोवती सरकल्या. उठताना बेनेदिक्ताने गोळ्यांचं पाकीट तिपोकाच्या हातात दिलं.

"तुझ्या बायकोला दे."

"कोणत्या?"

"जी घेईल तिला."

त्यानंतर दर आठवड्याला तेंगानची मोटारसायकल फटफटत यायची आणि गावात आरोळी उठायची, "सूनबाई आली!" लुगडं घेऊन बायका तयारच असत. तेनीवर पुढच्याच बाजारी रीतसर राख पडली होती, पण तिला कोणी विचारेना, सगळी मजा तेंगानच्या पोटाची. अकोल्गो सायकलला पाण्याचे कॅन अडकवून विहिरीवरून येऊ लागला. पारावरचे मित्र विचारत, "काय रे, बाईमाणसाची कामं?" तो म्हणे, "वहिनीसाठी नेतोय. तेंगानवहिनीला उचलायचं नाही सांगितलंय." मग तेच मित्र येऊन कॅन उतरवायला मदत करीत.

काका या सगळ्यात नव्हते. ते दोर वळत. एकदा मात्र तिपोका जवळून जात असताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती तुझी मोटारसायकलवाली बायको. गोळ्या घेते ना नेमाने?"

"घेते, काका."

"आणि पाय?"

"उतरलेत थोडे."

"हं," काका म्हणाले. "लांबचं माहेर तिचं. काळजी वाटते."

बाजरी पिकली. पहिली कणसं घरात आली, पूर्वजांना दाखवून झाली आणि काकांनी निरोप धाडला. त्या दिवशी सगळ्या आयोरेबिसीला माहीत होतं की तिपोका कणगीमागे आहे. पुलिबाला तर नक्कीच माहीत होतं. ती अंगणाच्या मधोमध पाठमोरी उभी राहून एकच स्वच्छ जागा पुन्हा पुन्हा झाडत होती. पोट एवढं की पळायचा प्रश्नच नव्हता.

जन्मभर धावलेली तिपोका त्या दिवशी चालत आली. तिने राख उधळली नाही. कालवणात मीठ घालावं तशी बोटांनी पुलिबाच्या खांद्यांवर सोडली. बायका वाट बघत होत्या. मग ती ओरडली, इतक्या जोरात की झाडावरचे बगळे उडाले.

"तुझं पोट आमचं आहे!"

पुलिबा झाडू टाकून वळली. "नवरोबा, किती हो उशीर!" ती म्हणाली, आणि हसत हसत तिच्या गळ्यात पडली. तेंगान तिथेच होता. "मी मोठी जाऊ आहे, मला आधी नमस्कार," म्हणून त्याने हट्ट धरला.

दाब पुन्हा चढायला लागला तसं बेनेदिक्ताने दिवस भरायची वाट न बघता पुलिबाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिपोका सोबत गेली. अकोल्गो बाहेर बाकावर बसून काहीतरी विणत होता. अतांगाने त्याला गवताची जुडी दिली होती आणि वर एक सल्लाही दिला होता, "हात चालू ठेव." त्याच्या मानाने ते भाषणच म्हणायचं. दुपार कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी होती. अंगाने बारीक, पण आवाज तिपोकावर गेलेला.

तिपोकाने काकांना फोन लावला. "काका, मुलगी. दोघी बऱ्या आहेत."

पलीकडे काका कोणावर तरी खेकसले, "बघता काय, दोन रानकोंबड्या पकडा! पळता येत नसेल तर तिपोका येईपर्यंत थांबा!"

नाव काकांनीच ठेवलं. घरामागे चुलीची राख टाकायचा जो ढीग असतो त्याला तांपुग्रे म्हणतात. एक मूल गेल्यावर आलेल्या लेकराला हे नाव द्यायची तिकडे पद्धतच आहे, म्हणजे वाईट नजर त्यावर थांबत नाही. चिंचेखाली तिचं पहिलं वजन झालं ते तेनीच्या माशांच्या लुगड्यात, आणि काट्याची सुई पुढे सरकली तशी सगळी आयोरेबिसी ओरडली.

केंद्राच्या बैठकीत तेंगानने ही हकीकत सांगितली तेव्हा मोठे लोक आधी हसले, आणि मग वह्या काढून लिहून घ्यायला लागले. पुढच्या वर्षापासून केंद्राने गावोगावच्या लेकींना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. राख लवकर पडायला लागली. अवुनीकाका त्या बैठकांना पहिल्या रांगेत बसत. त्या दिवशी "सगळ्या" असं मुद्दाम म्हणालात का, म्हणून तिपोकाने त्यांना अनेकदा विचारलं. "मला हसू आवरत नव्हतं," ते म्हणत, "मी काय म्हणालो ते मला कुठे आठवतंय?"

तेंगान आता केंद्रात मोठ्या पदावर आहे. केस पिकलेत, मोटारसायकल जाऊन गाडी आली. तरी आयोरेबिसीत उतरला की बायका विचारतात, "कितवा महिना?" कारण पडलेली राख परत घेता येत नाही, आणि बाळंतपण झाल्याशिवाय ती सुटतही नाही. तिपोका गुडघ्यांना हात लावत येते आणि आपल्या सगळ्यात जुन्या बायकोची चौकशी करते, "कुत्र्याचं मुंडकं ठेवलंय तुझ्यासाठी. डोहाळे असतील ना?"

परवा तांपुग्रे शाळेतून आली. तेंगानला ती धाकटी आई म्हणते. घरात पाहुणा आलेला बघून ती चटकन आत गेली आणि आपल्या कोंबडीचं उकडलेलं अंडं वाटीत घेऊन आली.

तेंगानने हात पुढे केला मात्र, अंगणातल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "पोर चोर निघेल!" त्याने हात मागे घेतला. मग तांपुग्रेनेच त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघत बघत, ते अंडं सावकाश खाल्लं.